ओएसपीएफ अडकला तर आधी कुठं अडकलाय ते बघा, मग राउटरला हात लावा

ओएसपीएफ, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल, बिघडला की आपल्याकडं सगळ्यात आधी काय होतं तर राउटरची पिन काढून परत लावली जाते. मग पाच मिनिटं वाट बघायची, नाही आलं तर परत पिन. मग मला फोन. मी अंबाजोगाई, केज, धारूर या पट्ट्यातल्या काही छोट्या इंटरनेटवाल्यांचं राउटिंग बघतो, बहुतेक सगळे मूळचे केबलवाले, डिश आणि अँप्लिफायरच्या जमान्यापासून धंद्यात असलेले, आणि खरं सांगतो फायबर ओढायला, रात्री टॉर्च तोंडात धरून जॉइंट मारायला या लोकांचा हात कुणी धरणार नाही. पण राउटिंग म्हणलं की "ते सरांचं काम". आणि सरांनी लॉगिन करेपर्यंत पिन काढून झालेली असते, म्हणजे लॉग गेले, कारण मायक्रोटिक कंपनीच्या राउटरचे लॉग डिफॉल्टला मेमरीत असतात, रीस्टार्ट झाला की पाटी कोरी.

तर फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

दोन राउटरचा शेजार जमताना ओएसपीएफ ठरलेल्या पायऱ्या चढतो. डाउन, इनिट, टू-वे, एक्सस्टार्ट, एक्सचेंज, लोडिंग आणि शेवटी फुल. हे सगळं आरएफसी २३२८ या इंटरनेटच्या मानक कागदात आहे, जॉन मॉय यांनी लिहिलेला, एप्रिल १९९८ चा, आणि आयपीव्ही४ साठी पाया अजून तोच आहे, राउटर कुठल्या का कंपनीचा असेना. सोयरीक पहिल्या बघण्यातच मोडली का याद्या करताना मोडली यावरून घरच्यांना बरोबर अंदाज येतो ना की नडलं कशात, तसंच आहे हे. नेबर, म्हणजे हा शेजारी राउटर, ज्या पायरीवर अडकलाय तिच्या खालचं सगळं बरोबर आहे हे राउटर स्वतःच सांगायलाय, ते परत तपासत बसायचं नाही. पायरी बघायला सिस्को कंपनीच्या राउटरवर शो आयपी ओएसपीएफ नेबर, मायक्रोटिकवर राउटिंगमध्ये ओएसपीएफ, त्यात नेबर्स. आणि एक पथ्य, दोन्ही टोकांचं आउटपुट एकाच वेळी बघायचं. एका टोकावर बसून ओएसपीएफ सुटत नाही, निदान मला तरी सुटत नाही.

दोन्हीकडं नेबरच दिसत नसला आणि पिंग जात असला तर हॅलोतच (राउटर शेजाऱ्याला ठराविक वेळानं पाठवतो ते पॅकेट) काहीतरी जुळत नाहीये. एरिया (नेटवर्कचा भाग) नंबर, हॅलो आणि डेड टायमर (हॅलो किती वेळानं पाठवायचा आणि किती वेळ नाही आला तर शेजारी गेला धरायचा, इथरनेटवर डिफॉल्ट १० आणि ४० सेकंद), स्टब एरियाचा फ्लॅग, पासवर्ड, आणि ब्रॉडकास्ट नेटवर्क (एकाच लाइनवर कितीही राउटर) असलं तर सबनेट मास्कसुद्धा. यातलं एक जरी वेगळं असलं तरी समोरचा हॅलो वाचून गपचूप फेकून देतो. नाहीतर मग तो इंटरफेस पॅसिव्ह (हॅलो न पाठवणारा) करून ठेवलाय, नाहीतर नेटवर्क कमांडमध्ये वाइल्डकार्ड मास्क उलटा टाकलाय. पासवर्डच्या शेवटी कॉपी-पेस्टमधून आलेली स्पेस हा वेगळाच तापदायक प्रकार आहे, डोळ्याला दिसत नाही, म्हणून मी की नेहमी हातानं टाइप करायला लावतो. इथं जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही, दोन कॉन्फिग शेजारी शेजारी ठेवले की सापडतं.

इनिट मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे कारण बहुतेक जण नेमकं चुकीच्या राउटरवर शोधत बसतात. इनिट म्हणजे मला समोरच्याचा हॅलो आला, पण त्या हॅलोत त्याला दिसणाऱ्या शेजाऱ्यांची जी यादी असते तिच्यात माझं नाव नाही. म्हणजे त्याचा आवाज मला येतोय, माझा त्याला जात नाहीये. मग ज्या राउटरवर इनिट दिसतंय त्याचं ऐकणं ठणठणीत आहे, बघायचं ते समोरच्याचं, जिथं नेबरची लिस्ट पूर्ण रिकामी आहे तिथलं. दहात आठ वेळा तिथं फायरवॉल निघतो. मायक्रोटिकच्या इनपुट चेनमध्ये शेवटी सगळं ड्रॉप करणारा रूल असतो आणि त्याच्या वर ओएसपीएफला परवानगी दिलेली नसते. आणि परवानगी म्हणजे यूडीपी पोर्ट ८९ नव्हे! हे मी एवढ्या ठिकाणी बघितलंय की काय सांगू. ओएसपीएफला टीसीपी नाही, यूडीपी नाही, पोर्टच नाही, तो थेट आयपीवर चालतो, प्रोटोकॉल नंबर ८९. रूलमध्ये प्रोटोकॉलच्या जागी ओएसपीएफ निवडायचं आणि सोडून द्यायचं. फायरवॉल साफ असला तर मग मधला वायरलेस रेडिओ बघा, हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांसाठीच्या) पत्त्यावर जातात, आणि काही रेडिओ मल्टिकास्ट अडवतात किंवा अर्धवट सोडतात. "सर पिंग तर चालू हाय की, मग कामून नेट बंद हाय?" याचं उत्तर इथं आहे, पिंग युनिकास्ट आहे, एकाच पत्त्याला जातो.

टू-वे बघून घाबरू नका. एकाच स्विचवर चार-पाच राउटर असतील तर डीआर (सगळ्यांच्या वतीनं बोलणारा मुख्य राउटर) आणि बीडीआर (त्याचा राखीव) सोडून बाकीचे आपसात टू-वेवरच थांबतात, तो बिघाड नाही. फक्त दोनच राउटर असलेल्या लिंकवर टू-वे अडकला तर दोघांचीही प्रायॉरिटी शून्य केलेली असते, कुणीच डीआर व्हायला तयार नाही.

आता एक्सस्टार्ट. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

नेटवर कुठंही शोधा, एक्सस्टार्टला अडकला म्हणजे एमटीयू (इंटरफेस सोडतो त्या पॅकेटची कमाल साइज, बाइटमध्ये) जुळत नाही, एवढंच उत्तर मिळतं. अर्धं बरोबर आहे. या पायरीवर राउटर एकमेकांना डेटाबेस डिस्क्रिप्शन नावाची पॅकेट पाठवतात, त्यात आपल्या इंटरफेसचा एमटीयू लिहिलेला असतो, आणि ज्याचा एमटीयू लहान तो मोठ्याचं पॅकेट नाकारतो. एकीकडं १५०० आणि दुसरीकडं जीआरई टनेलचा (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळतो म्हणून कमी) १४७६ असला की झालं. दोन्ही आकडे सारखे करा, सुटतं. हा सोपा प्रकार.

अवघड प्रकार धारूरच्या लिंकवर बघायला मिळाला. ऑपरेटरनं एका मोठ्या कंपनीकडून लेयर दोनची (मधे राउटर नाही, नुसत्या लांब स्विचसारखी) लिंक भाड्यानं घेतलेली, अंबाजोगाई ते धारूर, वर्षाच्या वर मस्त चाललेली. एक दिवस डीपी जळाली, बॅटरी उतरली, धारूरचा राउटर बंद पडला. लाइट आल्यावर राउटर चालू झाला पण नेबर काही फुल होईना. एका बाजूला एक्सस्टार्ट, दुसऱ्या बाजूला एक्सचेंज, थोडा वेळ तसंच लटकून पडून जातो, परत पहिल्यापासून. दोन्हीकडं एमटीयू १५००. कॉन्फिगमध्ये कुणी बोट लावलेलं नाही, आणि यावेळी ते खरंच होतं, नाहीतर "काहीच बदललं नाही" या वाक्यावर माझा फारसा विश्वास नसतो. ऑपरेटर म्हणाला, "सर, राउटरच गेला बगा लाइटीमुळं, नवीन मागवू का?" म्हणलं थांबा दादा, राउटर गेला असता तर एक्सस्टार्टपर्यंत तरी आला असता का.

झालं होतं ते असं. इंटरफेसचा एमटीयू १५०० आहे म्हणजे मधल्या कंपनीची लाइन १५०० सोडते असं कुठं आहे. ओएसपीएफ फक्त दोन टोकांवर लिहिलेले आकडे ताडून बघतो, रस्ता मोजत नाही. मोठ्या पिंगनं तपासलं, डोंट फ्रॅगमेंट लावून, तर १४०० च्या वर थोडंसं गेलं की पॅकेट गायब, एररसुद्धा नाही, कारण मधलं सगळं लेयर दोन, तिथं फ्रेम मोठी झाली की ती गपचूप टाकून देतात. (पिंगच्या साइजचा घोळ लक्षात ठेवा, मायक्रोटिक आणि सिस्कोवर साइज म्हणजे अख्खं आयपी पॅकेट, पण विंडोज आणि लिनक्सवर नुसता आतला माल, तिथं १५०० तपासायला १४७२ टाकावं लागतं, वरचे २८ हेडरचे.)

मग वर्षभर चाललं कसं? इथं मजा आहे. डेटाबेस डिस्क्रिप्शनमध्ये प्रत्येक एलएसएचं (राउटर आपल्या लिंकची, राउटची माहिती वाटतो तो कागद) २० बाइटचं हेडर जातं. १५०० तून आयपीचे २०, ओएसपीएफचे २४ आणि डिस्क्रिप्शनचे ८ वजा केले तर उरले १४४८, म्हणजे एका पॅकेटात ७२ हेडर बसतात. लिंक पहिल्यांदा जोडली तेव्हा अख्ख्या नेटवर्कमध्ये एवढे एलएसए नव्हतेच, पॅकेट लहान होतं, आरामात गेलं, नेबर फुल झाला. नंतर ग्राहक वाढले. प्रत्येक पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डनं जोडला जाणारा) ग्राहकाचा /३२ (एकाच पत्त्याचा) राउट ओएसपीएफमध्ये रीडिस्ट्रिब्यूट होत (सोडला जात) होता, म्हणजे ग्राहकामागं एक एलएसए. पण ते एक एक करून वाढले, बारक्या अपडेट पॅकेटातून, फुल झालेल्या शेजाराला त्याचं काही वाटलं नाही. शेजार एकदा तुटला आणि परत पहिल्यापासून जोडायची वेळ आली तेव्हा मात्र पूर्ण यादी पाठवावी लागली, पॅकेट १५०० च्या आसपास भरलं आणि मधल्या रस्त्यात गडप. ज्याचा राउटर आयडी (ओएसपीएफमधलं राउटरचं नाव, आयपीसारखा आकडा) लहान तो स्लेव्ह होतो आणि आपली यादी पाठवून एक्सचेंजवर जातो, ती यादी मास्टरला मिळतच नाही म्हणून तो एक्सस्टार्टवरच पहिलं रिकामं पॅकेट परत परत पाठवत बसतो. स्क्रीनवर जसं दिसत होतं अगदी तसंच.

म्हणजे बघा, लिंकमध्ये दोष पहिल्या दिवसापासून होता. लाइट गेल्यामुळं तो बाहेर आला एवढंच. आणि दर वेळी पिन काढली की तीच मोठी यादी परत पाठवायला लागणार, तर रीस्टार्टनं हे कधीच सुटलं नसतं. एमटीयू-इग्नोर नावाची कमांड सगळीकडं रामबाण म्हणून सांगतात, तिनंही इथं काडीचा फरक पडला नसता, कारण ती फक्त आकड्यांची तुलना बंद करते आणि आकडे तर आधीच सारखे होते. ती कमांड मला तशी आवडतच नाही. आकडे खरंच वेगळे असताना ती टाकली की नेबर फुल दिसतो, सगळे खूश, आणि मोठं पॅकेट ज्या दिवशी जायची वेळ येते त्या दिवशी परत रडारड.

उपाय दोन केले. तात्पुरता म्हणजे दोन्ही टोकांवर आयपी एमटीयू १४०० केला आणि टीसीपी एमएसएस क्लॅम्प (ग्राहकाच्या टीसीपी पॅकेटची साइज तेवढ्यात बसवणारा रूल) लावला, नाहीतर ग्राहकांच्या अर्ध्या वेबसाइट उघडत नाहीत. आणि कंपनीकडं मोठ्या पिंगचं आउटपुट जोडून तक्रार टाकली की पूर्ण १५०० सोडा. नुसतं "लिंक खराब आहे" असं कळवलं तर तिकडून "अप दिसतेय" एवढंच उत्तर येतं, पिंगचे आकडे जोडले की ऐकावंच लागतं. कायमचा उपाय आपल्या हातातला होता, /३२ चा बाजार बंद. ज्या राउटरवर पीपीपीओई उतरतं त्यावर पूलचा (ग्राहकांना वाटायच्या पत्त्यांचा) एकच ब्लॅकहोल स्टॅटिक राउट (हातानं टाकलेला, कुठंच न नेणारा) टाकायचा आणि तेवढाच ओएसपीएफमध्ये सोडायचा. २५० ग्राहकांचे २५० एलएसए होते तिथं एक /२४ (२५६ पत्त्यांचा गठ्ठा) राहतो. शिवाय गावात लाइट गेली की शे-दोनशे ग्राहक एकदम डिसकनेक्ट होतात आणि आल्यावर एकदम जोडले जातात, त्या प्रत्येक वेळी सगळ्या राउटरना नवीन एलएसए वाटायचं जे काम लागायचं तेही गेलं. आपल्याकडं लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा किस्सा केजचा, आणि हा जास्त फसवा कारण यात नेबर फुल असतो. तिथला जुना राउटर वीज पडून गेला, ऑपरेटरच्या पोरानं दुसऱ्या कंपनीचा लावला, आयपी, एरिया, पासवर्ड सगळं बरोबर टाकलं, पोरगं हुशार आहे. नेबर फुल. आणि राउटिंग टेबलमध्ये ओएसपीएफचा एकही राउट नाही. "सर फुल दिसू लागलंय ना, मग राउट कुठं गेले?"

अशा वेळी नेटवर्क टाइप बघायचा. समोरच्या राउटरवर पॉइंट-टू-पॉइंट (लिंकवर दोनच राउटर) केलेलं होतं आणि नवीनवर डिफॉल्ट ब्रॉडकास्ट. दोन्हीचे टायमर १० आणि ४०च, त्यामुळं हॅलोत भांडण नाही, याद्याही नीट देवाणघेवाण होतात, फुलपर्यंत कुठंच अडत नाही. पण नंतर प्रत्येक जण आपल्या एलएसएमध्ये लिंकचं वर्णन वेगळं लिहितो. एक म्हणतो मी थेट त्या राउटरला जोडलोय, दुसरा म्हणतो मी एका नेटवर्कला जोडलोय ज्याचा डीआर अमुक. डाइक्स्ट्राचा, म्हणजे सगळ्यात स्वस्त रस्ता शोधायचा, हिशोब करताना राउटर बघतो की लिंक दोन्ही बाजूंनी जुळते का, इथं जुळत नाही, म्हणून तो ती लिंक धरतच नाही आणि पलीकडचं सगळं त्याच्यासाठी नसल्यासारखं. सिस्कोवर शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर मारलं तर ॲडव्हर्टायझिंग राउटर नॉट रीचेबल असं स्वच्छ लिहून येतं. त्याच्याही आधी नेबरच्याच आउटपुटमध्ये खूण असते, पॉइंट-टू-पॉइंटवाल्या बाजूला फुलच्या पुढं नुसती आडवी रेघ, आणि ब्रॉडकास्टवाल्या बाजूला डीआर-बीडीआरचं काहीतरी. दोन्ही टोकं एकदम बघायची म्हणतो ते यासाठी. टाइप सारखा केला की डेड टायमर संपायच्या आत राउट हजर.

माझं मत विचाराल तर दोनच राउटर असलेल्या प्रत्येक लिंकवर दोन्हीकडं पॉइंट-टू-पॉइंटच ठेवा. डीआरची निवडणूक नाही, शेजार पटकन जमतो. फक्त एक, पॉइंट-टू-पॉइंटवर सबनेट मास्कची तपासणी होत नाही, एकीकडं /३० आणि दुसरीकडं /२९ असलं तरी ओएसपीएफ तक्रार करणार नाही, ते तुमचं तुम्ही बघायचं.

डुप्लिकेट राउटर आयडीबद्दलही सांगतो. एका राउटरचा बॅकअप दुसऱ्यावर रिस्टोअर केला, आयपी बदलले, आयडी तसाच राहिला. दोघं शेजारी असले तर शेजारच जमत नाही आणि लॉगमध्ये येतं, पण मधे दुसरे राउटर असले तर दोघंही एकाच नावानं एलएसए सोडत राहतात आणि एकमेकाचं खोडत राहतात. राउट येतात, जातात, येतात. एलएसए एरवी १८०० सेकंदांनी ताजा होतो, डेटाबेसमध्ये एखाद्याचं वय सतत पाच-दहा सेकंदच दिसत असेल आणि सीक्वेन्स नंबर पळत असेल तर समजा दोन जण एकाच नावानं वावरायलेत. आयडी हातानं टाका, लूपबॅकचा (राउटरच्या आतल्या, कधी न पडणाऱ्या इंटरफेसचा) पत्ता द्या, राउटरवर ढकलू नका.

बाकी किरकोळ. सिस्कोची कॉस्ट (लिंकची किंमत, कमी ती आधी) १०० एमबीच्या हिशोबानं निघते म्हणून १०० एमबी, १ जीबी, १० जीबी सगळ्यांची १ येते, रेफरन्स बँडविड्थ सगळ्या राउटरवर सारखी वाढवा. मायक्रोटिकच्या सहाव्या व्हर्जनला डिफॉल्ट कॉस्ट १० होती, सातव्यात १ आहे, रिंगमध्ये (दोन बाजूंनी रस्ता असलेल्या गोल जोडणीत) एकच नवीन राउटर बसवला आणि सगळा ट्रॅफिक भलत्याच बाजूनं पळाला तर तिकडं बघा. आणि कुणीतरी रात्री जुगाड म्हणून टाकलेला स्टॅटिक राउट, त्याची डिस्टन्स (लहान आकडा जिंकतो) १ आणि ओएसपीएफची ११०, तो असेपर्यंत ओएसपीएफ कितीही बरोबर असू दे, कोण विचारतंय त्याला.

जेसीबीनं फायबर तोडल्यावर रिंग असूनही नेट ४० सेकंद जातं, हा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो. कारण मधला मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं तांब्याच्या वायरवर आणणारा डबा). फायबर तुटलं तरी कन्व्हर्टर आणि राउटरमधली तांब्याची वायर शाबूत असते, पोर्ट अप दिसतो, राउटरला वाटतं सगळं आलबेल, मग डेड टायमर संपेपर्यंत तो त्याच बाजूला पॅकेट ओतत राहतो. शक्य असेल तिथं फायबर सरळ राउटरच्या एसएफपीत (फायबरच्या खाचेत) घाला. नाहीच जमलं तर बीएफडी (लिंक मेली का ते झटपट तपासणारा वेगळा प्रोटोकॉल) लावा. टायमर १ आणि ४ करायचा मोह होतो, मी टाळतो, स्वस्तातला राउटर लोडवर असताना हॅलो पाठवायला उशीर करतो आणि चांगली लिंक उगाच पडते. टायमर बदलायचेच असतील तर लांबच्या टोकाचे आधी बदला, मग जवळचे. उलटं केलंत तर गाडी काढून धारूरचा घाट गाठावा लागेल. मायक्रोटिकवर आधी सेफ मोड लावा, सेशन तुटलं तर केलेलं परत फिरतं.

आता मदत मागताना काय पाठवायचं. दोन्ही राउटरच्या नेबरचं आउटपुट, दोन्हीकडच्या त्या एका इंटरफेसचं ओएसपीएफ डिटेल (त्यात टाइप, टायमर, कॉस्ट सगळं येतं), मोठ्या पिंगचा निकाल आणि रीस्टार्टच्या आधीचा लॉग. पासवर्ड खोडून पाठवा. आणि टेक्स्ट कॉपी करून पाठवा, मॉनिटरचा मोबाइलनं काढलेला फोटो नको, त्यात १४७६ आहे का १४७८ तेच कळत नाही आणि वरून ट्यूबलाइटचा पट्टा नेमका नेबर स्टेटवरच आलेला असतो.